गाडी मीच चालवत होतो

काका पहिल्यांदा आमच्या सल्ला केंद्रात आले ते पैठणीचं रिकामं खोकं काखेत मारून. खोक्यात सात पाकिटं होती. त्यातली सहा फोडलेलीच नव्हती. माझ्या टेबलावर हे नेहमीचंच. मी कर्जाच्या भानगडींत सल्ला देते आणि वेळच्या वेळी पाकीट फोडणारी माणसं सहसा माझ्यापर्यंत पोचत नाहीत. सातवं तेवढं फोडलं होतं, कारण त्यावर कोर्टाचा शिक्का होता.

"नॉर्दॅम्प्टनला आम्ही जन्मात गेलो नाही," काकू म्हणाल्या. "मग तिथे गाडी चुकीची लावू कशी?"

हा घोळ बहुतेकांचा होतो. इंग्लंडभरचे असे घाऊक दावे नॉर्दॅम्प्टनच्या कोर्टाच्या केंद्रातूनच निघतात. गाडी उभी होती ती रेडिंगमध्येच, काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्या फिजिओथेरपीला जात होत्या त्या क्लिनिकच्या आवारात. आवार खासगी, पार्किंग सांभाळणारी कंपनीही खासगी. रुग्णांना पार्किंग फुकट. फक्त आत रिसेप्शनवरच्या टॅब्लेटवर गाडीचा नंबर टाकायचा. कंपनीचं म्हणणं, यांनी टाकलाच नाही. काकांचं म्हणणं, टाकला, हजारदा टाकला.

मूळ मागणी १०० पौंडांची. त्यावर 'वसुलीखर्च' म्हणून ७०, मग व्याज, कोर्टाची फी ३५, वकिलाचे ५०. सगळं मिळून दोनशे पासष्टच्या आसपास. फुकट पार्किंगचे.

पत्रं का फोडली नाहीत, असं मी विचारलं नाही. तरी काकांनीच सांगितलं. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी एकानं सल्ला दिला होता: कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या पालिकेचं, तिकीट असेल तर भरायचं, खासगी असेल तर कचऱ्यात टाकायचं. आता दोन्ही नोटिशींना पीसीएन हेच इंग्रजी लघुरूप लावतात आणि दोन्ही दिसतात सारखीच, तो भाग वेगळा. पण हा सल्ला एके काळी अगदीच चुकीचा नव्हता. गाडी कोणी लावली हे कंपनीला माहीत नसायचं आणि सांगायला कोणी बांधील नव्हतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये कायदा बदलला. खासगी जागेत चाकाला जॅमर लावायला बंदी आली, पण त्याच कायद्यानं कंपन्यांना दुसरं हत्यार दिलं: चालक कोण ते कळलं नाही, तर ठरावीक अटी पाळून गाडीच्या नोंदणीकृत धारकाकडून, म्हणजे कीपरकडून, पैसे मागता येतात. पुढे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बेव्हिसचा खटला गाजला. चेम्सफर्डच्या रिटेल पार्कमध्ये दोन तास फुकट होते, गृहस्थ ५६ मिनिटं जास्त थांबले, ८५ पौंडांची मागणी आली. कोर्ट म्हणालं, पाट्या ठळक होत्या, जागा मोकळी होत राहावी यात कंपनीचं रास्त हित होतं, भरा. त्या दिवसापासून कचऱ्याच्या डब्याचा सल्ला मेला. फिरायला येणाऱ्या मंडळींना कोणी कळवलं नाही, एवढंच.

काका आले तो दावा मिळाल्याचा अकरावा दिवस. चौदा दिवसांत पोच दिली की कैफियतीला एकूण अठ्ठावीस दिवस मिळतात. काहीच केलं नाही तर एकतर्फी निकाल लागतो आणि वेळेत पैसे भरले नाहीत तर तो सहा वर्षं तुमच्या नावाला चिकटतो. त्याच दुपारी काकांना शेजारी बसवून ऑनलाइन पोच दिली. पासवर्ड ठरवण्यात वीस मिनिटं गेली, कारण काकांना त्यात गणपती हवा होता आणि काकूंना नातीचं नाव.

मग मी सहा पाकिटं फोडली, आणि पहिल्याच पाकिटात मला खजिना सापडला.

गाडीवर काचेला तिकीट लावलेलं नसेल, नुसता कॅमेऱ्यानं फोटो काढला असेल, तर कीपरला जबाबदार धरण्यासाठी नोटीस चौदा दिवसांच्या आत त्याच्या हाती पडावी लागते. काका क्लिनिकला गेले ७ मार्चला. नोटिशीवरची तारीख होती २६ मार्च. बोटांवर मोजलं, मग कॅलेंडरवर मोजलं. पाच दिवस उशीर तर छापतानाच झाला होता, टपालाचे वेगळे. म्हणजे कीपर म्हणून काकांवर जबाबदारी येतच नव्हती. कंपनीला चालक कोण ते सिद्ध करावं लागणार होतं आणि तिच्याकडे होता फक्त नंबरप्लेटचा फोटो. कैफियतीत मी हाच मुद्दा पहिला घातला. सांगायला लाज नाही, त्या रात्री मी खुशीत होते.

मधले महिने भराभर गेले. फोनवरची मध्यस्थी झाली. ती आता छोट्या दाव्यांत सक्तीचीच आहे. तिथे काय बोलणं झालं ते बाहेर सांगायचं नसतं, म्हणून सांगत नाही. तडजोड झाली नाही. माझ्या अनुभवात बरेच दावेदार सुनावणीची फी भरायची वेळ आली की अंग काढून घेतात. यांनी फी भरली.

मग साक्षीचं निवेदन लिहायला बसलो. मी मसुदा तयार ठेवला होता. 'वाहन आवारात उभे करण्यात आले.' 'नंबर नोंदवण्यात आला.' 'वाहन बाहेर नेण्यात आले.' कर्मणी प्रयोगाचा इतका मारा मी शाळेतही कधी केला नव्हता. काकांनी चष्मा पुसला, तीनदा वाचलं, खिशातलं पेन काढलं आणि पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी स्वतःच्या हातानं इंग्रजीत लिहिलं: गाडी मीच चालवत होतो.

"काका, अहो, हे काय केलंत?"

"खरं लिहिलं."

"पण आपण खोटं कुठे म्हणत होतो? आपण फक्त सांगत नव्हतो."

"तेच ते," काका म्हणाले. "पोरी, सव्वीस वर्षं बस चालवली मी या गावात. सकाळी डेपोत सही करायची, संध्याकाळी सही करायची. आरसा फुटला, म्हातारी पडली, कुणी तक्रार केली, पहिला प्रश्न एकच: स्टिअरिंगवर कोण होतं? मी कधी म्हटलं नाही की बस चालवण्यात आली. आता म्हातारपणी म्हणू?"

मी चिडले. कायद्यानं दिलेला बचाव वापरण्यात अप्रामाणिक काही नाही, उलट कंपनीनंच वेळ पाळली नव्हती, हे मी तीन तऱ्हांनी सांगून पाहिलं. काकू मध्येच म्हणाल्या, "त्यांना सोड, ते कराडचे आहेत." याचा अर्थ मला आजतागायत कळलेला नाही, पण वाद तिथे संपला. खाली सत्यतेची ग्वाही असते, सही त्यांची होती, केस त्यांची होती. ते पान तसंच गेलं. माझा खजिना गेला.

सुनावणीच्या चौदा दिवस आधी समोरच्यांची कागदपत्रं ईमेलनं आली. सत्तरेक पानं, अर्धी पाट्यांचे फोटो. ४१व्या पानावर त्या दिवशी टॅब्लेटवर टाकलेल्या नंबरांची यादी होती, काकांचा नंबर त्यात नाही हे दाखवायला. दुसऱ्यांची माहिती उघड होऊ नये म्हणून प्रत्येक नंबराच्या शेवटच्या तीन अक्षरांवर काळी पट्टी मारलेली. मी यादी वरपासून खालपर्यंत दोनदा तपासली. नव्हताच नंबर. आता काकांना काय सांगायचं, अशा विचारात ते पान त्यांच्या डायनिंग टेबलावर ठेवलं आणि चहा घेतला.

काकू भाजी निवडत होत्या. शेपूच्या जुडीवरून त्यांनी पानाकडे तिरकं पाहिलं.

"अगं बाई, ही तर आपली जुनी गाडी."

१०.२२ ची नोंद. पट्टीच्या आधी दोन अक्षरं आणि ५९. म्हणजे सप्टेंबर २००९ ते फेब्रुवारी २०१० मध्ये नोंदलेली गाडी. कॅमेऱ्याप्रमाणे काका आत आले होते १०.१७ ला. गाडी लावून, काकूंना हात देऊन रिसेप्शनपर्यंत जायला पाच मिनिटं, बरोबर. नवी गाडी घेऊन चारच महिने झाले होते आणि जुनी चौदा वर्षं दारात होती. हात सवयीनं चालला होता.

काका बराच वेळ गप्प बसले. नंबर बरोबर टाकला, हे ते वर्षभर सगळ्यांना सांगत होते. मग उठले आणि अल्बम घेऊन आले. गणपती विसर्जनाला निघालेली तीच गाडी, बॉनेटवर झेंडूचा हार, खाली अख्खी नंबरप्लेट. त्याच रात्री पुरवणी निवेदन लिहिलं: मी चुकलो, जुन्या गाडीचा नंबर टाकला. सोबत फोटो आणि गाडी विकल्यावर वाहननोंदणी सांभाळणाऱ्या डीव्हीएलएकडून आलेलं पत्र.

सुनावणी रेडिंगच्या काउंटी कोर्टात, दुपारी दोनला. काकांनी कोट-टाय घातला होता आणि विग, पिंजरा वगैरे असेल अशी त्यांची तयारी होती. प्रत्यक्षात साधी खोली, लांब टेबल, पाण्याचा जग. जज बाईंना आता नुसतं 'जज' म्हणायचं असतं, हे मी काकांना जिन्यात पढवून ठेवलं होतं. मी वकील नाही, पण छोट्या दाव्यात पक्षकार स्वतः हजर असेल तर बिगरवकील माणूस त्याच्या वतीनं बोलू शकतो. समोर कंपनीनं दिवसापुरता नेमलेला तरुण होता. चाकांची बॅग, त्यात त्या दिवसाच्या आणखी दोन फायली. वागायला सज्जन.

त्यानं पहिलंच वाक्य टाकलं: चालक कोण हे प्रतिवादीनंच कबूल केलंय, त्यामुळे कैफियतीतला पहिला मुद्दा निकालात निघतो. मी माझ्या टिपणाची दोन पानं उलटून ठेवली. पुरवणी निवेदन उशिरा आलंय, अशीही हरकत त्यानं घेतली. जज म्हणाल्या, यादी तुमचीच आहे, त्यांनी ती फक्त वाचली आहे.

मग त्या काकांकडे वळल्या. पट्टीखालची तीन अक्षरं तुमच्याच जुन्या गाडीची, हे कशावरून?

"तीन अक्षरं मला दिसत नाहीत, जज," काका म्हणाले. "पण मी आत आल्यावर पाच मिनिटांनी ती नोंद आहे आणि माझ्या बायकोला तो नंबर पाठ आहे. मी बरोबर नंबर टाकला असं आधी लिहिलंय, ते चुकीचं होतं."

जजनी तरुणाला विचारलं, पट्टी नसलेली यादी आहे का? त्याच्याकडे नव्हती. पुढचा प्रश्न मला सुचायला हवा होता, तो त्यांनी विचारला: १०.२२ ला ज्या गाडीचा नंबर टाकला गेला, ती गाडी त्या दिवशी आवारात शिरल्याचं तुमच्या कॅमेऱ्यात आहे का? नसेल, तर न आलेल्या गाडीची नोंद कोणी केली, हे नोटीस पाठवण्याआधी कोणी पाहिलं का? तरुण कागद चाळत राहिला. शेवटी म्हणाला, त्याबद्दल मला कंपनीकडून काही सूचना नाहीत.

निकाल तिथल्या तिथे दिला, पंधरा मिनिटांत. पाटीवर मोठ्या अक्षरांत एवढंच होतं की रुग्णांनी रिसेप्शनवर गाडीची नोंद करावी. नंबर चुकला तर नोंद केलीच नाही असं धरू, हे कुठेच नव्हतं. शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर ग्राहकाच्या बाजूचा धरायचा, असं २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याचं ६९वं कलम सांगतं. बेव्हिस इथे लागू नाही. हे गृहस्थ जागा अडवून बसले नव्हते, ज्यांच्यासाठी ती जागा ठेवली होती त्यांच्यापैकीच ते होते. आणि १०.२२ ची नोंद त्यांचीच, हे पुराव्याच्या तराजूत जड भरतं, कारण स्वतःच्या विरोधात जाणारी गोष्ट कोणी न विचारता लिहून देणारा हा साक्षीदार आहे. दावा फेटाळला.

मी काकांकडे पाहिलं नाही. चौदा दिवस मोजायला मी अजूनही प्रत्येकाला सांगते, आणि यापुढेही सांगेन. पण त्या वाक्याला मान खाली गेली खरी.

जजनी खर्चाचं विचारलं. कोर्टात यायला किती लागले?

"काही नाही, जज. बसनं आलो. मला पास फुकट आहे."

मी टेबलाखालून त्यांना कोपरानं ढोसत होते, पण उशीर झाला होता.

काकूंची फिजिओथेरपी अजून चालू आहे. दर मंगळवारी दहा-साडेदहाला माझ्या फोनवर एक फोटो येतो: टॅब्लेटचा पडदा, त्यावर गाडीचा नंबर, आणि कोपऱ्यात काकांचा अंगठा. परवाच्या फोटोत पुन्हा ५९ होता. मी फोन केला.

"बघितलं बघितलं," काका म्हणाले. "काकूनं हात धरला. दुसरा फोटो पाठवलाय, तो बघ."