चेंबर खोल केलं म्हणून रिव्हॉल्व्हर मजबूत होत नाही

टूलरूममध्ये रीमर, म्हणजे भोक कापून मोठं करणारं हत्यार, चालवण्यात माझा जन्म गेला. त्यामुळे ‘.३८ स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरचं चेंबर थोडं खोल करून .३५७ मॅग्नम बसेल ना?’ असं कुणी विचारलं की माझं उत्तर एकच. बसेल, पण करू नका. (चेंबर म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरमधलं काडतूस बसायचं भोक.)

दोन्ही काडतुसांची जाडी जवळपास सारखीच, मॅग्नमचं केस (धातूचं कवच) फक्त सुमारे ३ मिलिमीटरने लांब. ही लांबी मुद्दाम ठेवली आहे, जुन्या .३८ मध्ये ते शिरूच नये म्हणून. तेवढं पोलाद रीमर काही मिनिटांत काढतो आणि तो अडसर संपतो. गोळी झाडतानाचा दाब मात्र १७,००० पीएसआयच्या (दर चौरस इंचावर पौंड) मर्यादेवरून थेट ३५,००० वर जातो! सिलिंडरच्या भिंती तेवढ्याच पातळ राहतात, पोलादाचं हीट ट्रीटमेंटही (तापवून-थंड करून मजबूत करणं) तेच. त्यातही बहुतेक सहा-गोळ्यांच्या सिलिंडरांत लॉकच्या खाचा (सिलिंडर जागेवर अडकवणाऱ्या) बरोबर चेंबरवर येतात, आणि तिथे तर धातू सगळ्यात कमी असतो.

पहिल्या गोळीला काही झालं नाही, हा पुरावा मी मानत नाही. सूक्ष्म भेग डोळ्यांना दिसत नाही, फ्रेम हळूहळू ताणते.

असाच प्रकार आधीही झाला आहे. .४५५ च्या वेब्ली (ब्रिटिश बनावटीच्या) रिव्हॉल्व्हरांचे सिलिंडर मागून घासून ती रिव्हॉल्व्हरं .४५ एसीपी या काडतुसासाठी विकली गेली. त्या काडतुसाचा नेहमीचा दाब वेब्लीला फार जास्त आहे. अशी वेब्ली हाती आली, तर आधी सिलिंडरची मागची बाजू जाणकार गनस्मिथकडून (बंदूक-दुरुस्ती कारागिराकडून) तपासून घ्या. जास्त ताकद हवीच असेल, तर त्याच काडतुसासाठी बनवलेलं रिव्हॉल्व्हर घ्या.