भादलीपर्यंत सम सापडायला हवी

सोमवार

गाडीत इअरफोन लावून शास्त्रीय गाणं ऐकायचं, तर हिशेब असा: जळगाव ते भुसावळ पंचवीसेक किलोमीटर, मधे भादली स्टेशन. गाडी वेळेत असली तर अर्धा तास. जुन्या एलपीची (मोठ्या तबकडीची) एक बाजू वीस-बावीस मिनिटांची, म्हणजे विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) भागांसकट एक राग एवढ्यात आरामात बसतो. अमीर खाँसाहेबांच्या एलपीवर एका बाजूला राग मारवा आहे, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारवा संध्याकाळच्या परतीला, दरबारी रात्री घरी. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या. त्या फलाटावर गाडीची वाट बघताना बऱ्या.

गाडीचा आवाज सगळ्यांवर सारखा अन्याय करत नाही. चाकांची, डब्याच्या पत्र्याची घरघर खालच्या स्वरांतली. ती आधी तंबोऱ्याचा खर्ज (सगळ्यात खालचा सूर) गिळते, मग डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतला डावा. खर्ज गेला तरी गायकाच्या षड्जावर ('सा'वर) कान टिकतो. डग्गा गेला की ताल सुटतो. तीनतालात 'खाली' (तालातला टाळी नसलेला भाग) ओळखायची ती डग्ग्याची घुमक थांबते यावरून. घुमकच ऐकू येत नसेल तर 'धिं' आणि 'तिं' एकसारखेच वाटणार.

विलंबित एकताल या बाबतीत प्रवाशाला सोयीचा. त्याच्या बारा मात्रांच्या (ठोक्यांच्या) आवर्तनात चौथ्या आणि दहाव्या मात्रेला 'तिरकिट' हा तबल्याचा बोल येतो. कोरडे, टोकदार बोल, त्यामुळे घरघरीतूनही वर येतात. दोन्ही तिरकिटांत गल्लत होते खरी. खूण अशी: पहिल्यानंतर 'तू ना', मग सातव्या मात्रेवर 'कत्'. 'कत्' कानावर आला की पुढचं तिरकिट दहावं, त्यानंतर 'धी ना' आणि सम, म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा. मात्रेला ४ सेकंद धरले तर आवर्तन ४८ सेकंदांचं आणि दहाव्या तिरकिटापासून समेला १२ सेकंद. एवढ्यात तिकीट तपासनीस आला तरी सम चुकत नाही.

त्या एलपीवरच्या मारव्याचा ताल, झुमरा, अवघड. १४ मात्रांत तिरकिट चारदा: तिसरी, सातवी, दहावी, चौदावी. नवख्यानं तिथून सुरुवात करू नये.

बुधवार

खिडकीशी बसून आवाज दाबणारे इअरफोन लावले तर उलटा त्रास. त्यांचे बाहेरचे माइक वारा पकडतात आणि कानात फडफड सुरू होते. आतल्या बाकावर सरकावं. हे तंत्र सलग घरघर दाबतं, शेजारच्या अहिराणी गप्पा नाही; त्या गाण्याच्याच स्वरपट्ट्यात असतात. (कधीकधी गप्पाच जास्त रंगलेल्या असतात, तेव्हा इअरफोन काढावेत.) खरा फरक पडतो तो कानात घट्ट बसणाऱ्या रबरी टोप्यांनी. टोपी सैल असली की आधी खर्जच निसटतो. उन्हाळ्यात घामानं ती सरकते, म्हणून रुमाल जवळ हवा.

आलाप (रागाचा सुरुवातीचा संथ विस्तार) हळू आवाजातला म्हणून आवाज वाढवायचा आणि द्रुतात तोच कानावर आदळू द्यायचा, ही नेहमीची चूक. द्रुत सुरू होण्याआधी दोन घरं खाली आणावा. मोठ्या माणसांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल. आवाज ३ डेसिबलनं वाढला की वेळ निम्मा.

शुक्रवार

बासरी, शहनाई, उंच पट्टीतला बायकांचा आवाज, हिराबाई बडोदेकरांचा तर खासच, गाडीत नीट पोचतो. रुद्रवीणेचा आलाप लावूच नये. खालच्या तारांवरचं सगळं काम घरघरीत जातं. तो घरी, पंखा बंद करून ऐकायचा. मे महिन्यात जळगावात पंखा बंद करणं अशक्य, तेव्हा वीणा डिसेंबरात.