रशियन भाषेत एआय घुसलंय, पण शब्दांतून नाही

एआयमुळे रशियन भाषेत काय बदललं म्हटलं की लोक लगेच नवे शब्द मोजायला बसतात. आलेत ना शब्द, 'ग्रामोता' या रशियन भाषेच्या पोर्टलने 2023 चा वर्षाचा शब्द म्हणून 'नेयरोसेत' म्हणजे न्यूरल नेटवर्क, एआयमागचं तंत्र, तोच निवडला, त्याच वर्षी चॅटजीपीटीसारखी रशियन एआय मॉडेल्स आली, स्बेर बँकेचं गीगाचॅट आणि यांदेक्स या टेक कंपनीचं यांदेक्सजीपीटी, आणि बोलताना तर लोक 'नेयरोसेत'चं सरळ 'नेयरोन्का' करून टाकतात. प्रॉम्प्ट म्हणजे एआयला दिलेली सूचना, त्या शब्दाला रशियन विभक्त्या लागतात, त्याचं क्रियापदही झालंय. ही भाषा शब्द पचवते हो, ती काळजी नको.

खरी गंमत वाक्यात आहे. रशियनमध्ये वर्तमानकाळात 'आहे' बहुतेक बोलतच नाहीत, 'मॉस्को — रशियाची राजधानी' असं लिहायचं, मधली लांब रेघ म्हणजे डॅश, तो व्याकरणाचा भाग, शाळेत शिकवतात. पण नेहमीच्या कीबोर्डवर हा लांब डॅश नसतो म्हणून लोक छोट्या रेघेवर भागवतात आणि आता कोणी नीट लांब डॅश दिला की, नेयरोन्काकडून लिहून घेतलंस का? म्हणजे जे एडिटर बिचारे वर्षानुवर्षं बरोबर लिहीत आले त्यांच्यावरच संशय! 'यो' अक्षरावरची दोन टिंबं एरवी बरेच जण गाळतात, ती सगळीकडे दिली तरी तेच.

माझ्या मते एआयचं लिखाण पकडायच्या खुणा वेगळ्या आहेत. शीर्षकात प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, ही इंग्रजीची सवय, रशियनमध्ये फक्त पहिल्या शब्दाचं असतं. किंवा 'त्याने आपला हात आपल्या खिशात घातला', अरे दुसऱ्या कोणाचा घालणार? रशियन माणूस नुसतं हात खिशात घातला म्हणतो. या मॉडेल्सनी इंग्रजी मजकूर इतका खाल्लाय की तो असा झिरपतोच, आणि दिवसभर तेच वाचून माणसंही तसंच लिहायला लागतील असं मला वाटतं.

आणि एक, रशियन भूतकाळात क्रियापदाला लिंग असतं, आपल्या 'गेलो-गेले'सारखं, त्यामुळे मशीनला बाई की पुरुष ते ठरवावंच लागतं. यांदेक्सची बोलणारी असिस्टंट अलिसा 2017 पासून बाईसारखीच बोलते. स्बेरने तर 2020 मध्ये एकदम तीन असिस्टंट काढले, त्यातली जॉय तुम्हाला 'तू' म्हणायची, बाकी दोघं 'तुम्ही'. हा मान-अपमानाचा प्रश्न इंग्रजीवाल्यांना कधी पडलाच नसेल.