पळायचंय काय कुठं?

दुपारी टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला अडकलो होतो. गेट पडलं की बेळगावचा माणूस गाडी बंद करून इकडंतिकडं बघत बसतो, दुसरं करणार काय. जवळच कुठंतरी रात्रीच्या गाण्यासाठी मांडव उभा राहत होता आणि एकजण माईक तपासत होता. "हॅलो, हॅलो. वंदू, येरडू, मूरू." मग जरा थांबून, "एक, दोन, तीन." पुन्हा हॅलो. चारपर्यंत गेलेला माईकवाला मी अजून बघितलेला नाही.

माईकवाल्याचं हॅलो, तंबोऱ्याची जुळवाजुळव, तबल्याच्या गट्ट्यांवर पडणारी हातोडी, हा सगळा खटाटोप मला प्रत्यक्ष गाण्याइतकाच आवडतो. कधीकधी जास्तच. घरात हे बोलायची सोय नाही. "मग अर्ध्या तासात परत या की," असं उत्तर मिळतं.

त्यातही मजा उघड्यावरच्या मैफलीत. सभागृहात एकदा जुळलं की बराच वेळ बघायला नको. मैदानात रात्र चढू लागली की दव पडतं, तबल्याची पुडी सैलावते, आवाज उतरतो. स्टेजवरच्या दिव्यांच्या झळीनं तंबोऱ्याच्या तारा उतरतात आणि गार वारा सुटला की चढतात. मग गायक आलाप न सोडता मागं अर्धवट वळतो, नुसती भुवई उचलतो. मागं बसलेलं पोर तारेशी कान नेतं, खालचा मणी नखानं किंचित सरकवतं. एखादी तार तरीही मुकीच वाटली तर घोडीवर तारेखाली असतो तो जवारीचा दोरा केसभर हलवतं, आणि ती तार अशी काही झणकारते की पलीकडच्या रांगेतला डुलक्या घेणारा गृहस्थही मान वर करतो.

हे सगळं पहिल्यांदा जवळून बघितलं ते मिरजेत, दर्ग्याच्या उरसात. आज्जांचा दर वर्षीचा नेम होता. लोंढ्याकडनं येणारी मीटर गेजची गाडी, तिची ती लाकडी बाकं, डब्यात दशम्या. सुळेभावी आलं की आज्जा खिडकीतून हात जोडायचे. स्टेशनात देऊळ दिसायचं नाही, म्हणून एकदा विचारलं तर म्हणाले, "कुमार इथले." कुमार गंधर्वांचा जन्म 1924 साली सुळेभावीत झाला हे मला पुढं कळलं. तोवर मी त्यांना एखादं जागृत दैवत समजत होतो, आणि आज्जांच्या लेखी त्यात फारसा फरकही नव्हता.

मिरजेला दर्ग्याच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली गाणं. अब्दुल करीम खाँसाहेब तिथंच गायला बसत आणि त्यांची कबरही त्याच आवारात. 1937 साली दक्षिणेच्या प्रवासात त्यांना बरं वाटेनासं झालं, मद्रासजवळच्या एका छोट्या स्टेशनावर ते उतरले आणि फलाटावरच त्यांनी देह ठेवला. आज्जा ही हकिगत गाडीतच सांगायचे, त्यामुळं पुढच्या प्रत्येक फलाटाकडं मी जरा भीत भीतच बघायचो. घटप्रभा, रायबाग, कुडची, शेडबाळ.

मिरज म्हणजे तंबोरे घडवणाऱ्यांचं गाव. तिथं तंबोरा लावायला बसायचं म्हणजे सोन्याचं कडं घालून सोनाराच्या ओळीतनं जायचं. पुढं बसलेले कारागीर गाणाऱ्याकडं बघतच नव्हते, त्यांचे डोळे खुंट्यांवर. बराच वेळ नुसतं टुंगटुंग चाललेलं. मी कंटाळून विचारलं, "आज्जा, गाणं कधी सुरू हुतंय?" ते म्हणाले, "गप बस. पळायचंय काय कुठं?"

मग मी झोपलो असणार. जाग आली तेव्हा अंगावर आज्जांची शाल होती, केसांत चिंचेचा बारीक पाला होता आणि कुणीतरी पहाटेचं गात होतं.

ते पहाटेपर्यंतचं प्रकरण आता बहुतेक ठिकाणी संपलं. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले फार तर 15 दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, तेवढंच. नियम बरोबरच आहे, आमच्या गल्लीतल्या वरातींना तर तो आणखी कडक लावावा. पण त्यापायी मालकंससारखा मध्यरात्रीचा राग साडेआठला ऐकायचा, पोटात अजून संध्याकाळचा चहा असताना. पुण्याला भीमसेनजींनी 1953 साली गुरूंच्या नावानं सवाई गंधर्व संगीत संमेलन सुरू केलं, तेही एके काळी रात्रभर चालायचं. आमच्याकडचे लोक स्वेटर, मफलर, कानटोप्या घेऊन जायचे आणि सकाळी तिथनंच थेट स्टँडवर.

आणि हो, गायकानं लांबून आलेल्या रेल्वेच्या शिटीचा सूर पकडून तान घेतली, असा किस्सा प्रत्येक गावात असतो. मला असा गायक अजून भेटायचाय. मी ऐकलेल्यांनी शिटी झाली की थांबून पाणी प्यायलं. तेवढ्यात तबलजीनं दोनदा हातोडी मारून घेतली. मला तेच जास्त पटतं.

आजच्या कार्यक्रमाला जायचं म्हणतोय. पत्रिकेवर वेळ सहाची आहे, म्हणजे सात. बायकोला म्हटलं, तू आठला ये, मी आधी जाऊन बसतो.