फोंडा घाटातला जळका वास

कोल्हापुरातून राधानगरी-दाजीपूरकडं, आणि पुढं फोंडा घाट उतरून कोकणात सायकलनं जातो म्हणणाऱ्याला मी पहिल्यांदा ब्रेक कसले आहेत तेच विचारतो. लोकांना वाटतं मी आधी चढाचं विचारीन, गिअर किती, कंडिशन कशी, मागची चकरी केवढी. पण आमच्याकडचा हा रूट चढाचा न्हाईच मुळी, निदान जाताना तरी.

माझं सायकल रिपेअरीचं दुकान आहे आणि पावसाळा सरला की ग्रुपच्या मागं बॅकअप गाडी घेऊन जायचं काम पण घेतो. गाडी दाजींची, म्हणजे थोरल्या बहिणीच्या मालकांची, चालवतात पण तेच. बरीच वर्षं कोकणलाईनला ट्रक चालवलाय त्यांनी, घाट त्यांना तोंडपाठ. दाजी चालले दाजीपूरला हा विनोद प्रत्येक ग्रुपमधलं कोणतरी एक मारतंच, आता दाजी पण हसायचे बंद झालेत.

तर दिवाळीनंतरच्या एका रविवारचं हे. ग्रुपमध्ये निम्मे आपले कोल्हापूरचे, निम्मे पुण्याचे, आणि त्यात एक काका, वय साठीला टेकलेलं, मूळचे इथलेच पण नोकरीनं पुण्यात स्थायिक झालेले. आदल्या संध्याकाळी सायकल दाखवायला दुकानात आले होते. सायकल देखणी, नाद खुळाच, पण रिम ब्रेकची, म्हणजे ब्रेकचं पॅड थेट चाकाच्या कडीवर, रिमवर घासणारी, आणि त्यावर नवीन कोरी कार्बनची चाकं बसवलेली. आत ट्यूबा लेटेक्सच्या, हलक्या पण उष्णतेला नाजूक. म्हटलं काका, ही चाकं इथंच ठेवा, माझ्याकडं साधी अॅल्युमिनियमची जोडी आहे ती उद्यापुरती घाला. तर म्हणाले, "अरे मी इटलीत कोमोला जाऊन आलोय, तिथले घाट बघशील तर तुझा फोंडा काहीच नाही." मोठ्या माणसाशी किती वाद घालायचा. मी ट्यूबा बदलून साध्या ब्युटाइल रबराच्या घातल्या, कार्बनला चालणारे ब्रेक पॅड नवीन बसवले आणि अॅल्युमिनियमची जोडी गपचूप दाजींच्या गाडीत टाकली.

सकाळी अंधारातच निघालो. रंकाळा मागं टाकला की पुईखडीचा चढ लागतो, तो झाला की हळदी, भोगावती करत राधानगरीपर्यंत रस्ता तसा मवाळच. त्रास चढाचा न्हवता, उसाच्या ट्रॉल्यांचा होता, कारखाने सुरू झालेले आणि दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर म्हणजे मागून दिसतो तरी कुठं, ना लाईट ना रिफ्लेक्टर, उसाच्या वाड्याचा शेंडा तेवढा रस्त्यावर घासत चाललेला. दाजी इंडिकेटर लावून सगळ्यांच्या मागं.

राधानगरी सोडलं, फेजिवडं सोडलं, की मग खरी गंमत. शाहू महाराजांनी सुरू केलेलं हे धरण, त्याचे ते सात स्वयंचलित दरवाजे, पाणी ठरलेल्या पातळीला आलं की आपले आपण उघडणारे, हे कोल्हापूरच्या शेंबड्या पोराला पण माहीत असतंय. दर पावसाळ्यात कितवा दरवाजा उघडला यावरून आख्ख्या जिल्ह्याचा जीव वरखाली होतो. पण धरणाच्या मागचं पाणी, तो लक्ष्मी तलाव, त्याच्या कडंकडंनं दाजीपूरपर्यंत जाणारा रस्ता सायकलवरनं बघितलाय अशी माणसं कमीच. नोव्हेंबरात तलाव भरलेला असतो, झाडीतनं मधनंच पाणी दिसतं, मधनंच जंगल एवढं दाट की गॉगल काढावा लागतो. सकाळी गवा आडवा यायची शक्यता असते म्हणून मी सांगून ठेवतो, दिसला तर थांबायचं, फोटोसाठी पुढं जायचं न्हाई, बाजूनं काढायचं तर अजिबात न्हाई.

पुण्याच्या एकानं मोबाईलवर तलावाला गोल प्रदक्षिणा घालणारा रूट आखून आणला होता. असा रस्ताच न्हाई. आपल्याकडची तळी म्हणजे धरणं, पाणी चढलं तशी आतली वाट बुडाली, पलीकडं अभयारण्य, तिथं मनात येईल तसं शिरता येत न्हाई. गेला तसंच परत यायचं, न्हाईतर घाट उतरून कोकणात जायचं.

दाजीपूरच्या अलीकडं चहा-भजीला थांबलो तेव्हा काकांनी कोमोचं सगळं सांगितलं. कोमोचं तळं समुद्रसपाटीपासनं 198 मीटरवर, आणि तिथनं चढत चढत घिसाल्लोच्या डोंगरावर 754 मीटरला जायचं, वर सायकलवाल्यांच्या देवीचं चॅपेल. 1949 मध्ये पोपनं रीतसर जाहीर केलंय म्हणे, ही मादोन्ना, म्हणजे मेरी माता, सायकलवाल्यांची राखणदार. आत भिंतीवर मोठमोठ्या रेसरच्या सायकली टांगलेल्या, त्यातच फाबियो कासार्तेल्लीची, 1995 च्या टूर द फ्रान्समध्ये उतारावर पडून गेलेला पोरगा, कोमोचाच. काका छान सांगत होते, पोरं भजी विसरून ऐकत होती. मी विचारलं, काका तिथं सायकल कुठली होती?

"भाड्याची. डिस्क ब्रेकची."

डिस्क ब्रेक म्हणजे चाकाच्या मधल्या वेगळ्या चकतीवर लागणारा, त्यात रिमवर काही घासतच न्हाई. दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, मग घाटाच्या तोंडाला थांबा, तिथं मी चाकं बदलून देतो. हो म्हणाले. आणि आम्ही भज्याचे पैसे देईपर्यंत ग्रुपबरोबर निघून पण गेले.

आता इथं फरक काय आहे ते सांगतो. कोमोला तळं खाली आणि डोंगर वर, आधी चढायचं मग उतरायचं, म्हणजे उताराची वळणं बऱ्याचदा चढताना डोळ्याखालनं गेलेली असतात. आपल्याकडं उलटं. कोल्हापूर शहरच साडेपाचशे मीटरच्या आसपास, तुम्ही देशावरनं देशावरच चाललेला असता, तळं पण वरच, आणि मग एकदम सह्याद्रीची कड येते आणि खाली कोकण. ऐंशीएक किलोमीटर मारून पाय थकलेले, हात बधिर, आणि समोर न बघितलेला उतार. चढ नंतर, परत येताना. म्हणून म्हटलं, ब्रेकचं आधी विचारतो.

घाटात शिरलो तर पोरं पुढं निघून गेलेली, काका एकटेच मागं, हळूहळू, दोन्ही लिव्हर सतत दाबलेले. लोकांना वाटतं हळू उतरणारा सेफ. कार्बनच्या रिमला तसं न्हाई. माणूस आणि सायकल मिळून 86 किलो धरा, शंभर मीटर खाली आलं की साधारण 84 किलोज्यूल कुठंतरी जायला पाहिजेत. जोरात गेलात तर त्यातलं बरंचसं वारा खातो, हळू गेलात तर जवळपास सगळं रिममध्ये. पाव लिटर गार पाण्याला आधण येतं एवढ्यात, आणि हे फक्त शंभर मीटरला. अॅल्युमिनियम ती उष्णता पसरवून हवेत सोडतं, कार्बन धरून ठेवतो, आणि एका मर्यादेनंतर त्यातला रेझिन, म्हणजे कार्बनचे धागे धरून ठेवणारा चिकटा, मऊ पडायला लागतो.

वास आधी दाजींना आला. "ब्रेकचं लायनर जळल्यागत वास यायलाय की रं." मी म्हटलं आपली गाडी? "आपली गाडी सेकंडला हाय, आपल्याला काय हुतंय." घाटात गाडी गिअरवर उतरवायची, ब्रेकवर न्हाई, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सायकलला कुठलं आलंय इंजिन ब्रेक.

हॉर्न मारून, ओरडून काकांना एका रुंद वळणावर डोंगराच्या बाजूला घेतलं. उतरले, घामाघूम, हाताची बोटं वळेनात. "काय झालं रे, बरं चाललं होतं की." मी बाटलीतलं पाणी बोटाला लावून पुढच्या रिमवर एक थेंब सोडला. चर्र झालं. वाकून बघितलं तर ब्रेक घासतो त्या पट्टीवर एका ठिकाणी फुगारा आलेला, नखाएवढा, आणि तिथली कड बाहेर झुकलेली, टायर त्या जागी रिम सोडायच्या बेतात. पॅडवर काचेसारखी चकाकी. म्हटलं काका, दोन पावलं मागं या, हवा सोडतो.

व्हॉल्व्हला हात घालायच्या आधीच ठो झालं.

काय आवाज सांगू, मोकळ्या घाटात सुतळी बॉम्ब लावल्यासारखा, समोरच्या झाडावरची माकडं पार पलीकडं पळाली. उभ्या सायकलीचा टायर फुटला, चालतीचा न्हाई. थांबलं की असं होतंच, चालताना जो वारा लागत असतो तो बंद होतो आणि रिममधली उष्णता आत ट्यूबकडं जाते. पण आणखी एक वळण काका गेले असते तर पुढचंच चाक ते, एका बाजूला दरी, आणि खालनं कोकणाकडनं येणारे ट्रक. दाजी काही बोलले न्हाईत, त्यांनी काकांना गाडीच्या फळीवर बसवलं आणि पाणी दिलं.

काका बराच वेळ रिमकडं बघत होते. मग म्हणाले, "घाल ती तुझी चाकं."

घातली, पॅड पण बदलले, रिमची रुंदी वेगळी असल्यानं ब्रेकची केबल सैल करून परत जुळवायला जरा वेळ गेला. मग रस्त्याच्या कडंलाच शिकवणी घेतली. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर जोरात, थोडाच वेळ दाबायचं, पुरतं सोडायचं, वळणात न्हाई दाबायचं. पुढचा-मागचा दोन्ही वापरायचे. मधल्या सरळ पट्ट्यात अंग उभं करून वारा अंगावर घ्यायचा, तो पण ब्रेकच. साठीच्या माणसाला मी सांगत होतो आणि ते मान हलवत होते, मलाच कसंतरी वाटत होतं. मला वाटलं आता गाडीत बसून खाली येतील. न्हाई. सायकलवरच उतरले, प्रत्येक वळणाच्या आधी कट-कट ब्रेक मारल्याचा आवाज आम्हाला मागं ऐकू यायचा आणि दाजी स्टेअरिंगवर बोट आपटून "सोड आता, सोड" म्हणायचे.

खाली फोंड्यात पोरं सोलकढी पीत बसलेली, त्यांना यातलं काहीच माहीत न्हाई. जेवलो, आणि उन्हं कलायच्या आत परतीचा चढ. तिथं मात्र काका सरस. उतारावर सुसाट गेलेली पुण्याची दोन पोरं अर्ध्यातच गाडीत चढली, सायकली कॅरिअरला बांधताना काका शेजारनं संथ लयीत वर निघून गेले, मागं न बघता.

फुटलेली रिम त्यांनी नेली न्हाई. अॅल्युमिनियमच्या जोडीचे पैसे मात्र दुसऱ्या दिवशी पाठवले, मी सांगितलं त्यापेक्षा थोडे जास्तच. परवा फोन आला होता, भुईबावडा घाट कसा आहे म्हणून विचारत होते. म्हटलं फोंड्याहून अरुंद आहे, डिस्कची सायकल घ्या मग जाऊ. त्यावर म्हणाले की दाजींना विचार, ते न्हेतील.