तिचं कण्हणं

माझी लेक २९व्या आठवड्यात झाली, ११४० ग्रॅमची. एकदा रडली आणि मग श्वास सोडताना दर वेळी बारीक कण्हू लागली. नाकपुड्या फुलत होत्या, बरगड्यांखाली छाती खोल आत ओढली जात होती. मला वाटलं, तिला फार दुखतंय.

कण्हण्याचं खरं कारण एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या सिस्टरनी समजावलं. फुप्फुसातले हवेचे इवलेसे फुगे श्वास सोडल्यावर मिटून चिकटू नयेत, म्हणून त्यांना आतून सर्फॅक्टंटचा पातळ थर असतो. तो पुरेसा तयार व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. तिच्याकडे तो फारच कमी होता. म्हणून ती घसा अर्धवट मिटून थोडी हवा आत अडवून धरत होती. एवढासा जीव, कुणी न शिकवता स्वतःची फुप्फुसं उघडी ठेवायला धडपडत होता! त्यानंतर तो आवाज मला वेगळाच ऐकू येऊ लागला.

सीपॅप लावला. नाकातून सतत दाबाने हवा जाऊ लागली. ती करत होती तेच काम आता मशीन करत होतं. तरी तिला द्यायच्या हवेतला ऑक्सिजन वाढवत ४० टक्क्यांवर न्यावा लागला, तेव्हा श्वासनलिकेत बारीक नळी घालून सर्फॅक्टंट दिलं. दोन-तीन तासांत तिला २५ टक्के ऑक्सिजन पुरू लागला. प्रसूतीआधी मला बीटामेथाझोनची दोन इंजेक्शनं २४ तासांच्या अंतराने मिळाली होती. बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून ती देतात. मुदतीआधी कळा सुरू झाल्या तर घरी वाट बघत बसू नका, असं मी प्रत्येकीला कळकळीने सांगते. त्या इंजेक्शनांना काम करायला वेळ मिळायला हवा.

पुढचे आठवडे ॲप्नियाचे. ती श्वास घ्यायचीच विसरायची. २० सेकंद, कधी जास्त. मॉनिटर वाजला की सिस्टर तळपाय चोळायच्या. श्वास थांबू नये म्हणून रोज कॅफीन सुरू होतं, तेच, कॉफीतलं. छातीवर उघडी घेतली की मॉनिटर कमी वाजायचा, म्हणून मी तासन्‌तास तशीच बसायचे.

गरोदरपणापासून मोजलेल्या ३५व्या आठवड्यात ऑक्सिजन सुटला. कॅफीन बंद केल्यावर सलग सात दिवस ॲप्निया आला नाही, तेव्हा घरी सोडलं.

पहिल्या रात्री तिच्या श्वासाचा आवाजच येईना. मॉनिटरही नव्हता. मी दिवा लावला. पोट वर-खाली होत होतं. बरगड्या आत जात नव्हत्या.