जिथे ‘सूत्र’ लपत नाही

शहरातला बातमीदार ‘विश्वसनीय सूत्रांनी सांगितले’ असं लिहून मोकळा होतो. मंत्रालयात हजारो माणसांची ये-जा असते, त्यातल्या कुणी सांगितलं हे शोधायचं म्हटलं तरी अवघड. पण पंधरा-वीस उंबऱ्यांच्या वस्तीबद्दल लिहिताना तेच वाक्य सांगणाऱ्याचं घर दाखवून देतं. नाव-आडनाव गाळा, वय गाळा, ‘शेळ्या राखणारी एक महिला’ एवढंच ठेवा, तरी पारावर बसलेल्यांना ती कोण हे लगेच कळतं. स्रोताचं संरक्षण हा धडा मी बरीच वर्षं वर्गात शिकवत आले. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या एका गावातल्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेनंतर मी तो वेगळ्या तऱ्हेने शिकवते. (गावाचं नाव देत नाही. माणसांचे काही तपशीलही मुद्दाम बदलले आहेत, ते का हे पुढे कळेलच.)

ग्रामीण बातमीदारी हा माझा शिकवण्याचा विषय आणि संशोधनाचाही. तालुक्याच्या पानांची कात्रणं काढून त्यात कुणाची नावं येतात, कुणाची येत नाहीत, हे मी पाहत असते. ‘यावेळी अमुक, तमुक व ग्रामस्थ मोठ्या संख्येने उपस्थित होते’ या वाक्यातला ‘अमुक’ फिरून फिरून तोच असतो. जयंती, उद्घाटन, निवड, सत्कार, वाढदिवस यांच्या बातम्या भरपूर. ग्रामसभेची बातमी आलीच तर ती ‘खेळीमेळीत पार पडली’ इथे संपते. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्यात असा कायदा आहे. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल ती संख्या पुरते. तेवढेही जमले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. गावाच्या पैशाचे कितीतरी निर्णय अशा तहकूब सभेत मोजक्या माणसांसमोर होऊन जातात, त्याची ओळही कुठे छापून येत नाही.

सामुदायिक रेडिओकडून आशा धरावी तर तिथेही हात बांधलेले. म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ 2008 पासून सुरू आहे आणि माणदेशातल्या बायकांचा आवाज त्यावर ऐकू येतो, ही मोठी गोष्ट आहे. पण 2006 च्या धोरणानुसार सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. पाणी कधी येणार, वीज कधी जाणार, ही सूचना चालते. पाणी का आलं नाही हे विचारलं की ती बातमी होते.

म्हणून मुलांना मी पहिल्या आठवड्यात पुण्या-मुंबईकडे नेत नाही. ‘दर्पण’ 6 जानेवारी 1832 ला निघालं, हे त्यांना पत्रकार दिनामुळे ठाऊकच असतं. मी सांगते ते ‘दीनमित्र’बद्दल. 1910 मध्ये सुरू झालेलं हे साप्ताहिक मुकुंदराव पाटलांनी नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून अनेक दशकं चालवलं. छापखाना खेड्यात, संपादक खेड्यात, आणि ज्यांच्यावर टीका केली ती माणसं सकाळी त्याच वाटेने येणारी. हे धैर्य कोणत्या जातीचं असतं ते मुलांनी आधी समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या विभागाचा एक उपक्रम आहे. सत्रभर आठ-दहा मुलं एकच गाव धरतात, तिथे वरचेवर जातात, आणि शेवटी चार पानी पत्रक काढून ते गावातच वाटतात. एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकाशेजारी लागते, एक एसटीच्या थांब्यावर. पत्रकाचा वाचक आणि बातमीतला माणूस एकच असतो. मुलांचा खरा कस लागतो तो इथे.

त्या वेळी गावातला चर्चेचा विषय पाणी होता. जलजीवन मिशनमधून घरोघर नळ आले होते. माणशी दिवसाला 55 लिटर पाणी हा त्या योजनेचा हिशेब. गावठाणात पाणी येत होतं, कमी-जास्त, पण येत होतं. माळावरच्या वस्तीला मात्र टिपूस नाही. आमची बार्शीकडची एक विद्यार्थिनी वस्तीवर गेली, एका बाईजवळ बसली, आणि चांगली मुलाखत घेऊन आली. विहीर किती लांब, खेपा किती, टँकरवाल्याला पैसे किती, सगळं होतं त्यात. उठताना ती बाई म्हणाली होती, “माझं नाव घालू नगा. नात्यातलं मानूस पंचायतीत हाय.” मुलीने शब्द दिला आणि तो पाळलाही. बातमीत लिहिलं, ‘वस्तीवरील एका महिलेने सांगितले’.

आम्ही उतरलो होतो ते घर एका निवृत्त गुरुजींचं. ग्रामसभेला अजून काही दिवस होते. रात्री जेवणं झाल्यावर मुलांनी मसुदे वाचून दाखवले. गुरुजी सुपारी कातरत ऐकत होते. ही बातमी संपली आणि त्यांनी शांतपणे त्या बाईचं नाव घेतलं.

“कशावरून?” मुलीने विचारलं.

“दोन म्हशी अन् शाळेत जाणारी एकच लेक, असं घर वस्तीवर एकच हाय, बाळ.”

मुलगी गप्प झाली. दुसरा एक विद्यार्थी म्हणाला, मग म्हशी काढू, लेक काढू. काढून पाहिलं. तरीही ‘टँकरचे पैसे कर्जाऊ घेतले’ हे उरलंच, आणि ते कुणी दिले तेही गावाला ठाऊक. ओळखीच्या खुणा काढत गेलो तर बातमीत काहीच उरेना. एकाने मथळा सुचवला होता, ‘नळयोजनेत घोटाळा’. तो मी तिथेच खोडला. घोटाळ्याचा एकही पुरावा आमच्याकडे नव्हता, आणि हा शब्द फलकावर लागला की गावात दोन तट पडतात, मग पाण्याचं कुणी बोलत नाही.

त्या रात्री बराच वेळ बोलणं झालं. बातमी सोडून द्यावी असं निम्म्यांना वाटत होतं. मी त्यांना एवढंच विचारलं, की ती बाई जे सांगते ते तिच्या तोंडाशिवाय आणखी कुठे कुठे लिहिलेलं आहे? ती एकटी साक्षीदार आहे म्हणून ती उघडी पडते. मग तिच्यावरचा भार कमी करायचा तर वस्तीवरचं प्रत्येक घर आणि पंचायतीचा कागद, या दोघांना बोलतं करायला हवं.

सकाळी मुलांनी काम वाटून घेतलं. दोघं ग्रामपंचायतीत गेली. कराची आकारणी ग्रामपंचायतीच्या नमुना 8 या रजिस्टरमध्ये आणि मागणी-वसुली नमुना 9 मध्ये असते, एवढा गृहपाठ मी करून घेतला होता. माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 सांगतं, की अशी माहिती कुणी मागायच्या आधीच उघड ठेवायची. ग्रामसेवक भले गृहस्थ निघाले. “बसा, बघा, फोटो मात्र विचारून काढा,” म्हणाले. वस्तीवरच्या घरांच्या नावापुढे पाणीपट्टीची मागणी लागलेली होती, काहींची वसुलीही झालेली होती. मुलांनी त्यांनाच विचारलं, पाणी का जात नाही? त्यांनी कागदावर आकृती काढून दाखवली. टाकी शाळेजवळ, सखल भागात. वस्ती माळावर, टाकीतल्या पाण्याच्या पातळीहून उंच. आपल्या वजनाने पाणी तिथवर चढणारच नाही. वेगळी टाकी हवी नाहीतर वाटेत पंप हवा, आणि मंजूर अंदाजपत्रकात दोन्ही नव्हतं. हे उत्तर मुलांनी शब्दशः टिपून घेतलं. बातमीतला तो सगळ्यात मोलाचा परिच्छेद ठरला, कारण दोष दाखवण्याबरोबर कारणही त्यात होतं.

बाकीची मुलं माझ्याबरोबर वस्तीवर आली. शाळू हुरड्याला आला होता, वाटेत दोन ठिकाणी पाखरं राखणाऱ्या पोरांनी हटकलं. वस्तीवर आम्ही कुणाची मुलाखत घेतली नाही. फक्त प्रत्येक घरासमोरचा नळ पाहायचा, तोटी सोडायची, फोटो काढायचा, वेळ टिपायची. पहिला कोरडा. दुसरा कोरडा. एका नळाला तोटीच नव्हती, दोरीने चिंधी बांधलेली. एका नळाच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं, गोल, नीट लिंपलेलं, वाळून टणक झालेलं. आमचा फोटो काढणारा मुलगा तिथे उकिडवा बसला तो बराच वेळ उठेना. पाणी किती दिवसांत आलं नाही हे कुणाच्या तोंडून वदवून घ्यायची गरजच राहिली नाही. त्या बाईचा नळही त्या यादीत होता, इतरांसारखाच, ओळीतला एक. ती दारात उभी होती. आम्ही तिच्याशी इतरांइतकंच बोललो, म्हणजे ‘नळ बघू का’ एवढंच.

26 तारखेला झेंडावंदन झालं, पोरांना खाऊ वाटला, आणि शाळेच्या पटांगणातच ग्रामसभा भरली. झेंड्याला आलेली माणसं थांबली म्हणून गणपूर्ती झाली. वस्तीवरच्या बायकाही होत्या. महिला सभेला त्या आल्या नव्हत्या, कारण ती सभा ठेवली होती धारा काढायच्या वेळी. आमचं पत्रक सकाळीच फलकाशेजारी लागलं होतं आणि हातोहात फिरत होतं. ‘माळावरच्या वस्तीला पाणीपट्टी आहे, पाणी नाही’ असा मथळा, खाली सगळ्या नळांचे फोटो ओळीने, मग रजिस्टरमधली नोंद, मग ग्रामसेवकांचं म्हणणं.

मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून झालं आणि खुर्चीजवळून आवाज आला. सरपंच बाई खुर्चीत होत्या, बोलले त्यांचे यजमान. “ह्ये कुनी सांगितलं तुमास्नी? नाव घ्या.”

सगळं पटांगण आमच्याकडे वळून पाहू लागलं. माझ्या पोटात गोळा आला होता. मी उठणार तोच बार्शीची मुलगी उभी राहिली. “कुणी सांगितलं म्हणून नाही लिहिलं. वस्तीवरचा प्रत्येक नळ आम्ही सोडून पाहिला आणि पंचायतीचं रजिस्टर वाचलं. दोन्ही इथेच आहेत, तुम्हीही पाहू शकता.”

यावर नाव कुणाचं घेणार? क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी, आमच्याशी एक शब्दही न बोललेली, कनवटीचा कागद उलगडत उठली. “पावती माझ्याकडं हाय. पानी न्हाई. मंग पट्टी कशाची भरली म्या?” तिच्यामागून दुसरी बोलली, मग एक तरणा गडी. टाकीची उंची, पंप, अंदाजपत्रक, सगळं निघालं. ग्रामसेवकांनी आमच्या पत्रकातला त्यांचाच परिच्छेद वाचून दाखवला, हे मला फार आवडलं. आपलं म्हणणं नीट छापून आलं आहे हे पाहिलेला माणूस पुढे खुलून बोलतो. शेवटी ठराव झाला: पाणी पोहोचेपर्यंत वस्तीची पाणीपट्टी वसूल करू नये आणि जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडून पाहणी करून घ्यावी. सरपंच बाईंनी स्वतः ‘मंजूर’ म्हटलं. जिने पहिल्यांदा सांगितलं ती बाई मागे बसून होती. ती बोलली नाही, आणि तिला बोलावं लागलं नाही.

सभा उठल्यावर एका दैनिकाचा गावातला वार्ताहर भेटला. दूध संकलन केंद्र चालवतो, बातमीदारी सकाळ-संध्याकाळच्या मधल्या वेळात. मानधन नावाला, मिळकत जाहिरातीच्या कमिशनची, आणि प्रजासत्ताक दिनाच्या पुरवणीची जाहिरात ज्यांनी दिली ते त्या दिवशी खुर्चीजवळच बसलेले. तो म्हणाला, “मॅडम, तुमी संध्याकाळच्या गाडीनं जानार. मला सकाळी हितंच दूध घालून घ्यायचंय.” या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. त्याच्यासारख्यांच्या बातम्यांत काय नसतं हे मोजणारी मी, त्या न लिहिण्यामागे काय असतं तेही लिहायला बांधील आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये राजापूरला पत्रकार शशिकांत वारिशे यांची रिफायनरीशी संबंधित बातमी छापून आली त्याच दिवशी त्यांना गाडीने धडक दिली, दुसऱ्या दिवशी ते गेले, आणि खुनाचा गुन्हा दाखल झाला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरोधातला कायदा विधिमंडळाने 2017 मध्येच मंजूर केला होता. तालुक्याच्या वार्ताहरापर्यंत तो अजून पोहोचायचा आहे.

तरी त्या वार्ताहराने आमच्याकडून नळांची यादी आणि फोटो मागून घेतले. चार दिवसांनी बातमी आली, एक कॉलम, आतल्या पानावर, अचूक. ठरावाचा मजकूर होता, पाणी का चढत नाही तेही होतं. मी ते कात्रण वेगळं ठेवलं आहे. त्याच गावात राहून, त्याच लोकांचं दूध घेत घेत लिहिलेला तो एक कॉलम माझ्या हिशेबी आमच्या चार पानांहून जड आहे.

आता पहिल्या सत्रात मुलांनी मुलाखत आणली, की मी आधी विचारते: हे सांगणारा माणूस गाळला तर बातमी कशावर उभी राहील? उत्तर मिळेपर्यंत लिहायला बसायचं नाही. यंदाच्या मुलांना तेच गाव दिलं आहे, नवं नाही. पहिलं काम, माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून त्या ठरावाची प्रत आणि पाहणी झाली असल्यास तिचा अहवाल मागायचा. दुसरं, नमुना 9 पुन्हा पाहायचा, वस्तीची मागणी खरंच थांबली का. तिसरं, माळावर जाऊन त्याच क्रमाने तेच नळ सोडून पाहायचे. ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे, आणि पत्रक या खेपेला वार्ताहराबरोबर बसून काढायचं ठरलं आहे.